कृष्णाकाठानं सायकल चालवायचीय, गाड्या नसलेला रस्ता आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की बदली होऊन कराडला आलोय, वय बेचाळीस, पंचवीस मिलिमीटर रुंदीच्या टायरची रोड बाईक घेतलीय, मिसेसना पण सायकल घ्यायचा विचार चाललाय, आणि युरोपात नदीकडेनं शेकडो किलोमीटर बिनगाड्यांचे रस्ते असतात तसा कराड ते सांगली कृष्णाकाठानं सलग एखादा रस्ता आहे का.

नाही. सलग असा रस्ता नाही. पण एवढ्यावर थांबलो तर तुम्ही हायवेच्या सर्व्हिस रोडवर सायकल घालणार आणि महिन्याभरात ती गॅलरीत कपडे वाळत घालायला वापरणार, तसं होताना मी लय जणांचं बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मला हे रस्ते कसे माहिती ते सांगतो. माझं वाळवा तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. नदीवरच्या जॅकवेलमधली, म्हणजे पाणी उपसायला काठाला बांधलेल्या विहिरीतली, मोटार जळली की शेतकऱ्याचा फोन येतो आणि ती वर काढायला, परत बसवायला नदीपर्यंत जावं लागतं. सुरुवातीला बजाजच्या एमएटी गाडीवर जायचो, मग गुडघ्यासाठी डॉक्टरनी सायकल सांगितली, आणि गेली चौदा वर्षं बघणी करायला, म्हणजे नुसतं मोटारीचं काय झालंय ते बघायला, मी सायकलवरच जातो. त्यामुळं कराडच्या खालपासून सांगलीपर्यंत नदीला कुठला रस्ता किती जवळ जातो आणि कुठं संपतो हे मला मोबाईलपेक्षा जास्त माहिती आहे असं म्हणायला हरकत नाही.

आता तुमच्या त्या युरोपाचं. डॅन्यूबकाठचा पासाऊ ते व्हिएन्ना रस्ता सगळ्यांना आवडतो, तीनशेच्या वर किलोमीटर आहे, पण तो काही सुरुवातीला सायकलवाल्यांसाठी केलेला नाही. पूर्वी तिथं घोडे नदीकडेनं चालायचे आणि दोरानं नावा प्रवाहाच्या उलट ओढायचे, त्या घोड्यांसाठी काठाला लागून सपाट वाट लागायची, नावा इंजिनावर गेल्या आणि ती वाट रिकामी राहिली. आपल्या कृष्णेत कुणी नाव घोड्यानं ओढली नाही. आपल्याकडं नाव होती ती अलीकडनं पलीकडं जायला, काठानं लांब जायला नाही. त्यात कृष्णेचा पूर. काठाला लागून मळीचं रान असतं, गाळाचं, काळंभोर, तिथं रस्ता केला तर दोन पावसाळ्यात वाहून जाणार, म्हणून गावं सगळी उंचवट्यावर बसलीत आणि रस्ता एका गावातनं दुसऱ्या गावात जातो, नदीपासनं किलोमीटर दीड किलोमीटर लांबनं. नदी दिसते ती घाटावर, पुलावर आणि बंधाऱ्यावर. मधल्या टप्प्यात दोन्ही बाजूला ऊस आणि नदी नुसती अंदाजानं.

त्यामुळं नदीकाठचा रस्ता शोधू नका. जिथं ट्रकला काही काम नाही तो रस्ता शोधा, नदी आपोआप जवळ असते.

ट्रकला काम नसतं म्हणजे काय, तर एक म्हणजे रस्ता पुढं संपतो. सातारा जिल्ह्यात ही सोय देवानं करून ठेवलीय. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासनं पूर्वेकडं डोंगराच्या सोंडा निघतात आणि दोन सोंडांच्या मध्ये एकेक नदी, वरनं खाली मोजत आलं तर कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वांग. यातल्या कोयनेच्या खोऱ्यातनं कराड-चिपळूण रस्ता जातो, तो कोकणात उतरतो, म्हणून तिथं ट्रक, टँकर सगळं आहे, तिकडं जाऊच नका. वेण्णेच्या अंगानं मेढ्यावरनं महाबळेश्वरला गाड्या जातात, शनिवार-रविवारी तर विचारूच नका. पण ज्या खोऱ्याच्या टोकाला रस्ता डोंगराला जाऊन धडकतो आणि थांबतो तिथं कोण जाणार? ज्याचं तिथं घर आहे तो, गावची एसटी, दूधवाला, आणि आपण.

कृष्णेचंच वरचं खोरं घ्या. वाईतनं मेणवली तीनेक किलोमीटर, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट तिथं आहे, मग धोम, तिथलं नरसिंहाचं देऊळ, आणि त्यापुढं धरणाच्या कडेकडेनं बलकवडीकडं आणि शेवटी जोर. जोरच्या पुढं डोंगरच आहे, वर महाबळेश्वरचं पठार, जिथनं नदी निघते. वाईपासनं पंचवीस-तीस किलोमीटर धरा. मेणवली-धोमपर्यंत सुट्टीच्या दिवशी फिरायला आलेल्यांच्या गाड्या लागतात, धोम सोडलं की मात्र एकदम कुणीतरी आवाज बंद केल्यासारखं होतं. चढ आहे पण घाट नाही, वर जाताना डावीकडं पाचगणीच्या बाजूची डोंगराची भिंत, पुढं कमळगड. माझ्या बघण्यात सातारा-सांगलीत रोड बाईकला याच्या तोडीचा दुसरा रस्ता नाही. फक्त पावसाळ्यानंतर लगेच जाऊ नका, ओढ्यांनी रस्त्यावर माती-खडी आणून टाकलेली असते, दिवाळीपर्यंत ती गाड्यांच्या चाकांनी कडेला सरकते.

एक गोष्ट लोक विसरतात, वारा. या खोऱ्यांची तोंडं पूर्वेला आहेत. सकाळी हवा पडलेली असते, दुपारी पश्चिमेचा वारा चालू होतो. म्हणजे सकाळी वर चढायचं आणि वारा पाठीशी घेऊन खाली यायचं. उलटं केलं, म्हणजे दुपारी जोरकडं निघालात, तर सपाटीवर पण घाट चढल्यासारखं होतंय. कराड-सांगली पट्ट्यात पण हेच, फक्त तिथं उतार नावाला आहे. कराड समुद्रसपाटीपासनं ५७० मीटरच्या आसपास, सांगली ५५०, म्हणजे सत्तर किलोमीटरला वीसेक मीटर, तो पायाला कळत पण नाही. तिथं चढ-उतार म्हणजे वाराच.

दुसरी जागा म्हणजे बंधारे. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, केटी वेअर म्हणतात ते. पावसाळा संपला की दगडी खांबांच्या मधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात आणि पाणी अडवतात, पावसाळ्याच्या आधी काढून घेतात. खांबांच्या वर जी अरुंद पट्टी असते तिच्यावरनं लोक मोटरसायकल घालतात, बैलगाडी जाते कुठं कुठं, पण ट्रक आणि ट्रॅक्टरची डबल ट्रॉली नाही जाऊ शकत. त्यामुळं झालंय काय, की ज्या दोन गावांना जोडायला नुसता बंधाराच आहे त्यांच्या दोन्ही बाजूचे तीन-चार किलोमीटरचे रस्ते मोकळे. मी रूट असाच पाडतो, या काठानं जायचं, बंधारा ओलांडायचा, त्या काठानं परत यायचं. पण बंधाऱ्यावर सायकलवरनं उतरायचं, उतरायचंच. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, पट्टीत फटी आहेत, पंचवीसचा टायर फटीत गेला तर सायकल तिथंच राहते आणि तुम्ही पुढं जाता, आणि एका बाजूला पाणी तुंबलेलं तर दुसऱ्या बाजूला खाली दगड. समोरनं मोटरसायकल येत असली तर अलीकडंच थांबायचं, मध्यात गाठ पडली तर दोघांची पंचाईत.

कॅनॉलच्या कडेचा रस्ता सगळे विचारतात. खोडशीला, कराडच्या शेजारीच, ब्रिटिशांच्या काळातला बंधारा आहे आणि तिथनं कृष्णा कॅनॉल निघतो तो खाली पलूसच्या बाजूला जातो. कॅनॉलपट्टी म्हणजे खरं तर आपल्याकडची घोड्यांची वाट, सपाट, पाण्याला लागून, झाडं आहेत. पण मुरूम आहे, मध्येच खचलेलं, मध्येच कुणीतरी पाईप टाकायला आडवी चर मारलेली. पंचवीसच्या टायरवर नाही जमणार. बत्तीस-पस्तीसचे टायर असले तर हिवाळ्यात जा, बेस्ट आहे.

आता वेळ. सगळे तुम्हाला सांगणार पहाटे पाचला निघा, रस्ता रिकामा असतो. शहरात असेल. आमच्याकडं पहाटे पाच ते सात म्हणजे खेड्यातल्या रस्त्याचा रश अवर. मुक्कामी एसटी निघालेली असते आणि ड्रायव्हरला वेळेत डेपो गाठायचा असतो. दूध घालायला जाणारी पोरं, हँडलला दोन्हीकडं किटल्या, डेअरीचा काटा बंद व्हायच्या आत पोचायचंय म्हणून सुसाट, लाईट असली तर असली. दुधाचे टेम्पो. एमआयडीसीतनं रात्रपाळी सुटलेली. आणि हे सगळं अंधारात. मी पावणेसातला निघतो. सव्वासातच्या पुढं डेअरीवरची गर्दी ओसरते, ती नऊ वाजता शाळेच्या गाड्या आणि वडाप, म्हणजे सीट भरून जाणाऱ्या जीपा, चालू होईपर्यंत रस्ता तुमचा. तेवढ्यात चाळीस किलोमीटर आरामात होतात. थंडीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, दुपारी एक ते साडेतीन पण चांगली वेळ आहे, माणसं जेवून आडवी झालेली असतात, उन्हाचं काही वाटत नाही, वारा मात्र असतो.

आणि कॅलेंडर. इथला सगळा ट्रॅफिक उसानं चालतो. कारखान्याचा बॉयलर पेटला, म्हणजे दिवाळीच्या आगंमागं, की मार्चपर्यंत कुठला रस्ता मोकळा हे कारखाना ठरवतो, आपण नाही. कुठल्याही कारखान्यापासनं पाच-सहा किलोमीटरच्या आत या दिवसांत फिरकू नका, ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, सगळ्यांची रांग असते. भरलेल्या डबल ट्रॉलीला लोक घाबरतात, मी रिकाम्या ट्रॉलीला जास्त घाबरतो. भरलेली हळू चालते, पंधरा-वीस टन ऊस असतो, ती कुठं जाणार आहे हे दिसतं. रिकामी परत जाताना पोराला दुसरी खेप मारायची घाई असते, टेप मोठ्यानं, तुमची घंटी ऐकू यायचा प्रश्नच नाही, आणि मागची ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवी हलते. पुढची ट्रॉली तुमच्यापासनं चार फुटांवरनं गेली म्हणजे मागचीही चार फुटांवरनंच जाणार असं धरून चालू नका. आवाज आला की साईडपट्टीवर उतरून पाय टेकवायचा. कमीपणा वाटून घेऊ नका, इथं सगळे उतरतात.

ऊस उभा असतानाची वेगळी गंमत. गणपतीपासनं पुढं तोड होईपर्यंत दहा-बारा फुटी भिंत असते दोन्ही बाजूला, वळणावर पलीकडचं काही दिसत नाही, आणि पाणंदीतनं म्हैस, मोटरसायकल, नांगर लावलेला ट्रॅक्टर कधीही बाहेर येतो. तोड झाली की तोच रस्ता माळासारखा उघडा पडतो, तुम्हाला वाटेल वेगळ्याच गावात आलो.

माझा स्वतःचा पडायचा किस्सा याच दिवसांतला. आठ वर्षं झाली, जानेवारीत, तेव्हा मी पण पाचला निघायचो. नदीकडेला धुकं इतकं की समोरचं चाक दिसेना. अंधारात एक पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागं लाल लाईट नाही की रिफ्लेक्टर नाही, पण त्या पोरानं पाठीमागं दगड मांडून ठेवलेले. ती ट्रॉली मी बघितली, कडेनं काढली, मनात त्याला दोन शिव्या घातल्या आणि गेलो. येताना त्याच ठिकाणी ट्रॉली नव्हती. टायर बदलून तो निघून गेला होता. दगड तिथंच. नारळाएवढा दगड पुढच्या चाकाखाली आला आणि मी सरळ हँडलवरनं पुढं. कॉलर बोन मोडलं, रिम अंड्यासारखी झाली. दुधाच्या टेम्पोवाल्यानं उचलून टेम्पोत घातलं, सायकल किटल्यांवर टाकली, आणि दवाखान्यापर्यंत मला पूर्ण रस्ता समजावत आला की या वयात असले धंदे करू नयेत. तेव्हापासनं रस्त्यात दगड दिसला की मी थांबतो आणि उचलून कडेला टाकतो, तुम्ही पण टाका, अर्धा मिनिट जातोय.

त्यात हिशेब पण बघा. तासाला २८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेआठ मीटर. साधी लाईट दहा-पंधरा मीटर दाखवते. दिसलं, डोक्यात शिरलं, हात ब्रेकवर गेला, यातच एक सेकंद संपला, राहिले दोन ते सात मीटर, आणि दवानं ओला रस्ता. नाही थांबत. धुक्यात अठराच्या वर जायचंच नाही, आणि मागची लाल लाईट दिवसा पण चालू ठेवायची.

रस्त्यावर काय काय पडलेलं असतं हा पण वेगळा विषय आहे, कारण पुस्तकात किंवा व्हिडिओत हे सांगत नाहीत. ऑक्टोबरात सोयाबीन डांबरावर पसरतात, गाड्यांनी मळणी व्हावी म्हणून, फेब्रुवारी-मार्चात हरभरा, ज्वारी. सोयाबीनच्या काडावरनं सायकल न्यायची नाही. घसरते ही एक गोष्ट, पण खरा घोळ म्हणजे काड मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागात, गुंडाळतं, तुम्ही पेडल मारत राहिलात की ते डिरेलरला ओढून स्पोकमध्ये नेतं आणि हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा, मोडतो. असा हँगर मोडला की घरी जायला वडापच. आणि शेतकऱ्याशी वाद घालू नका, उतरून कडेनं चालत जा, त्याचा तो वर्षाचा माल आहे. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट आणि उसाची कांडी, कांडी गोल असते, चाकाखाली रुळासारखी फिरते. वळणावर काळी माती, ट्रॅक्टरच्या चाकाला लागून आलेली, वाळलेली असली तर काही नाही, दव पडलं की साबण. आणि कारखान्याच्या बाजूला टँकरमधनं सांडलेली मळी, ही दुसरी मळी, साखरेतनं निघते ती. नदीची मळी आणि कारखान्याची मळी, दोन्हीवरनं माणूस घसरतोच.

काटे. बाभळीची झाडं बांधावर, ती तोडून कुंपणाला ओढत नेतात, त्या वाटेवर काटे सांडत जातात. बाभळीचा काटा पांढरा, इंच-दीड इंच, त्यानं टायर आरपार. साईडपट्टीवर सराटे. म्हणून तुमचा पंचवीसचा टायर मला पटत नाही. फ्रेममध्ये बसत असेल तर अठ्ठावीस घाला, मिसेसना घेताना बत्तीस बसेल अशीच सायकल घ्या. हवा पण लोक दगडासारखी भरतात. अठ्ठावीसला पंच्याहत्तर पीएसआयच्या आसपास, मागं थोडी जास्त, बत्तीसला साठ पुरे, तुमच्या वजनाप्रमाणं पाच इकडं-तिकडं. आमच्या रस्त्यांना जास्त हवा म्हणजे जास्त स्पीड असं काही नाही, सायकल उडत राहते, हात बधीर होतात आणि प्रत्येक रंग न मारलेला स्पीडब्रेकर मणक्यात बसतो.

पलूस, तासगावकडं द्राक्षबागा. ऑक्टोबर छाटणीनंतर सकाळी सकाळी औषध फवारणी असते, ब्लोअरचा आवाज आला आणि रस्त्यावर धुरासारखं दिसलं तर ते धुकं नाही. थांबा, वाऱ्याची दिशा बघा, ट्रॅक्टर ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेला की निघा. तोंडावर रुमाल वगैरे बांधून काही उपयोग नाही, आणि बाटलीचं तोंड झाकलेलं असू द्या, ते सगळं बाटलीवर पण बसतंय.

कुत्री. गावातली कुत्री भुंकतात, सोडून द्या. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन धनगर येतात, रानात बसवलेली असतात, त्यांची कुत्री वेगळी, ती कामावर असतात. त्यांच्यापुढं स्प्रिंट मारायची नाही, पळणाऱ्याच्या मागं लागणं हेच त्यांचं काम. उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि चालत जायचं, धनगराला मोठ्यानं हाक मारायची, तो एक शीळ घालतो आणि विषय संपतो. चौदा वर्षांत एकदाच चावा घेतलाय मला, तोही गल्लीतल्या ओळखीच्या कुत्र्यानं.

पावसाळ्याबद्दल एकच सांगतो. जुलै-ऑगस्टात नदीकडेला हौसेनं जाऊ नका. सांगलीत आयर्विन पुलाला ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी आहे, पण बंधारे आणि आतले फरशी पूल त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली, ते ज्यांनी बघितलंय ते आजही ऑगस्टात नदीकडं तोंड करून बसत नाहीत. फरशीवरनं वीतभर पाणी चाललंय म्हणून कुणी सायकल घातली तर आमच्याकडची म्हातारी माणसं कानफटात मारतील, आणि बरोबर करतील. रेल्वेखालचे भुयारी रस्ते पण लक्षात ठेवा, पुणे-मिरज लाईन नदीच्या पूर्वेच्या अंगानं जाते, तिच्याखालच्या बोगद्यांत पाऊस थांबून आठवडा झाला तरी पाणी असतं आणि खाली खड्डा किती हे दिसत नाही.

आता तुमच्यासाठी रूट. कराड ते सांगली एका दमात करायचा नाद सोडा. पहिल्यांदा सायकल गाडीच्या मागं टाकून भिलवडीला या. भिलवडीच्या पुलावरनं नदी ओलांडली की औदुंबर, दत्ताचं देऊळ, घाट, समोर पैलतीरावर भुवनेश्वरीचं देऊळ. तिथनं अंकलखोप, मग नागठाणे, बालगंधर्वांचा जन्म इथला, १८८८ चा, आणि पुढं वाळवा. जाऊन येऊन तीसेक किलोमीटर होतात, सगळं सपाट, मिसेसना पण जमेल. हा रस्ता नदीच्या वळणांबरोबर वळतो आणि मोठा माल नेणारे बहुतेक दुसरीकडच्या रस्त्यानं जातात. गुरुवारी आणि पौर्णिमेला मात्र नाही, औदुंबरला पाय ठेवायला जागा नसते. घाटावर सायकल घेऊन पायऱ्या उतरायच्या नाहीत, वर पाराजवळ लावा, कुणी हात लावत नाही. लहान पोरं घंटी वाजवून बघणार, बघू द्या.

ते जमलं की सांगलीकडनं हरिपूर. अंतर काहीच नाही, तीन-चार किलोमीटर, पण त्या रस्त्याच्या चिंचा आणि शेवटी वारणा-कृष्णेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, यासाठी जायचं. हळदीची पेवं हरिपूरचीच, जमिनीत खोल खणलेली कोठारं, २००५ च्या पुरानं त्यातली खूप गेली. रविवारी सकाळी आठच्या आत जाऊन या, नंतर सांगलीकर भजी खायला निघतात.

आणि कराडातनंच रोज तासभर चालवायची असेल तर प्रीतिसंगमावरनं सुरू करा, मुख्य रस्ता टाळून गावागावांतनं पूर्वेच्या अंगानं खाली या, पण हायवेच्या बाजूला वळू नका, सहापदरीचं काम, डायव्हर्जन, धूळ, तिथं सायकलवाला कुणाला दिसतच नाही. नवीन रस्ता धरायच्या आधी एक काम करा, आदल्या दिवशी दुपारी तो मोटरसायकलवर फिरून या आणि चौकातल्या चहावाल्याला दोनच गोष्टी विचारा, उसाची वाहतूक सध्या कुठनं चाललीय आणि पुढच्या बंधाऱ्यावरनं मोटरसायकल जाते का. त्याला सगळं माहिती असतं. तो आधी विचारेल, पावणं कुठलं, कुणाच्यात आलाय, सायकल केवढ्याची. किंमत खरी सांगू नका. मी पंधरा हजार सांगतो, तरी तो म्हणतो एवढ्यात जुनी स्प्लेंडर आली असती.

सोबत दोन ट्यूब ठेवा, एक नाही, कारण एका फांदीवरचे काटे पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांत एकदमच जातात. काटा काढताना बोट आतनं फिरवून बघा, टोक टायरमध्ये मोडून राहिलेलं असतं, ते न काढता नवी ट्यूब घातली की शंभर मीटरवर परत फुस्स. त्यासाठी मी मोटारीच्या दुकानातला चिमटा खिशात ठेवतो, तुम्ही भुवयांचा घ्या, मिसेसना विचारून.